ओरखडा जातो कुठे?

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मोटार विकत घेतली. गडद निळा रंग आणि आरशासारखी चकाकी. विक्रेत्याच्या अंगणात पाहिली तेव्हा तिच्या अंगावर एकही ओरखडा दिसला नव्हता. घरी आणल्यावर दोन-तीन वेळा साबणाने धुतली आणि एका संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी असताना बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे शेकडो बारीक चरे दिसू लागले. ते नवे नव्हते. आधीपासूनच होते, पण कोणीतरी ते झाकून ठेवले होते.

गाडी घेऊन मी ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गेले. बरोबर नववीत शिकणारी माझी मुलगी होती. मिस्त्रींनी काळा वॉटर पेपर पाण्यात भिजवला आणि बॉनेटचा एक कोपरा घासायला घेतला. पाहता पाहता तिथली चकाकी गेली आणि धुरकट डाग उरला. मुलगी दचकलीच. मग त्यांनी रबिंग कंपाऊंड लावून फिरत्या बफने तोच भाग घासला. चकाकी परत आली, आणि आता खरोखरच चरे नव्हते. मुलीने विचारले, "काका, घासल्यामुळेच तर चरे पडले ना? मग पुन्हा घासल्यावर ते जातात कसे?"

मिस्त्री हसले. "ओरखडा जात नसतो, बाळ. आजूबाजूचं सगळं त्याच्याएवढं खाली आणायचं. मग तो उरत नाही."

परतीच्या वाटेवर माझ्या मनात आले, की या मुलीने विचारलेला प्रश्न साधा नाही. न्यूटनपासून पुढे अडीचशे-तीनशे वर्षे भल्याभल्या शास्त्रज्ञांनी त्यावर डोके खपवले आहे. त्यांच्यात चांगले मतभेद झाले आणि एके काळी जवळजवळ सर्वमान्य झालेले उत्तर नंतर मागे घ्यावे लागले. मिस्त्रींचे उत्तर या वादाच्या एका बाजूचे होते. दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे.

ओरखडा दिसतो म्हणजे काय होते?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश ठरावीक दिशेनेच परावर्तित होतो. त्यामुळे आपल्याला त्यात प्रतिमा दिसते आणि आपण त्याला 'चकचकीत' म्हणतो. पृष्ठभागावर उंचसखलपणा असेल तर प्रकाश इतस्ततः विखुरतो. पण उंचसखलपणा किती असला म्हणजे तो जाणवतो? याची मोजपट्टी प्रकाशाची तरंगलांबी ही आहे. रॅली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकषानुसार, समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी उंचसखलपणा तरंगलांबीच्या साधारण आठव्या भागाहून कमी असेल, तर तो पृष्ठभाग गुळगुळीत समजावा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रोमीटर आहे, म्हणजे ही मर्यादा सुमारे ०.०७ मायक्रोमीटर येते. आपल्या केसाच्या जाडीचा हा जवळपास हजारावा भाग होय.

दिव्याभोवती दिसणारे ते 'कोळ्याचे जाळे' हीदेखील प्रकाशाचीच करामत आहे. गाडी पुसताना धुळीचे कण सर्व दिशांना चरे पाडतात. पण दिव्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवण्याचे काम त्यांतले ठरावीक दिशेचेच चरे करतात, म्हणजे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती काढलेल्या वर्तुळावर बसतील असे. म्हणून प्रतिबिंबाभोवती गोल गोल चरे असल्याचा भास होतो आणि दिवा हलवला की वर्तुळेही हलतात. घरातले रोज घासले जाणारे स्टीलचे ताट एका दिव्याखाली धरून पाहा, हेच दिसेल.

विक्रेत्याची युक्तीही यावरून कळते. प्रकाश विखुरतो, कारण हवा आणि रंगाचा थर यांचे अपवर्तनांक वेगळे आहेत. चऱ्यात तेल किंवा मेण भरले, तर त्याचा अपवर्तनांक रंगाच्या थराच्या बराच जवळचा असल्याने प्रकाशाला चरा जवळजवळ 'दिसत' नाही. पावसात भिजलेली जुनी गाडी नव्यासारखी वाटते ती याच कारणाने. तेल धुऊन गेले की चरे परत हजर.

न्यूटन: चरे उरतात, पण बारीक

घासून चकाकी आणण्याची कला विज्ञानाहून फार जुनी आहे. बिहारमधील बराबरच्या गुंफांच्या भिंती इ.स.पू. तिसऱ्या शतकात इतक्या घोटल्या गेल्या, की आजही त्यांत प्रतिबिंब दिसते. आपल्याकडे शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्यांना शिकलगार म्हणत. हा शब्द झिलईसाठी असलेल्या 'सैकल' या अरबी शब्दावरून आला. या कारागिरांना काय करायचे ते उत्तम ठाऊक होते. घासताना नेमके काय घडते, हा प्रश्न मात्र सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण आल्यावर ऐरणीवर आला.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया'त सुईचे टोक आणि वस्तऱ्याची धार सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते याची चित्रे दिली. डोळ्यांना तीक्ष्ण आणि गुळगुळीत वाटणाऱ्या या वस्तू प्रत्यक्षात ओबडधोबड, चऱ्यांनी भरलेल्या होत्या.

आयझॅक न्यूटन स्वतः कसलेले कारागीर होते. १६६८ साली त्यांनी पहिली परावर्तक दुर्बीण बनवली आणि तिचा धातूचा आरसा स्वतःच्या हाताने घोटला. १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये त्यांनी आपली पद्धत सांगितली आहे. तांब्याच्या तबकडीवर डांबरासारख्या राळेचा थर द्यायचा आणि त्यावर पाण्यात गाळून घेतलेली कथिलाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक पूड पसरून घोटायचे. राळ का? कारण ती दाबाखाली हळूहळू वाहते. पुडीतला एखादा मोठा कण आला, तर तो राळेत रुतून इतर कणांच्या पातळीत येतो आणि एकटाच खोल ओरखडा पाडत नाही. आजच्या बफमागचा स्पंज किंवा लोकर हेच काम करते.

याच ग्रंथात न्यूटन यांनी आपल्या प्रश्नाचे उत्तरही दिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की वाळू किंवा पुडीने खरवडून काचेचा प्रत्येक कण सपाट होईल असे समजणे चूक आहे. मोठ्या चऱ्यांच्या जागी छोटे, छोट्यांच्या जागी आणखी छोटे चरे येतात आणि शेवटी ते इतके बारीक होतात की दिसत नाहीत, एवढेच. मग अशा पृष्ठभागावरून प्रकाश इतका नियमित कसा परावर्तित होतो? न्यूटन प्रकाशाला सूक्ष्म कणांचा प्रवाह मानत असल्यामुळे हे त्यांना कोडे वाटले, आणि परावर्तन काचेच्या कणांवर आदळून होत नसावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरंगलांबीची मोजपट्टी हाती आल्यावर हे कोडे उरले नाही. घोटण्याविषयीचे त्यांचे मत मात्र टिकून राहिले.

या कामाला किती चिकाटी लागे, याची एक आठवण कॅरोलिन हर्शेल यांनी लिहून ठेवली आहे. त्यांचे बंधू विल्यम एकदा सात फुटी दुर्बिणीचा आरसा सलग सोळा तास घोटत होते. हात काढला तर काम बिघडेल, म्हणून त्या भावाला घास भरवत होत्या. अशाच एका सात फुटी दुर्बिणीने विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनस शोधला.

रॅली यांची शंका

१९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लॉर्ड रॅली यांनी 'पॉलिश' या विषयावर व्याख्यान दिले. पुढे १९०४ मध्ये अरगॉनच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारा हा शास्त्रज्ञ अशा घरगुती वाटणाऱ्या विषयांत रमत असे.

त्यांनी वाळूने धुरकट केलेली काच घेतली, थोडी थोडी घोटली आणि प्रत्येक टप्प्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. न्यूटन बरोबर असतील तर काय दिसायला हवे? सगळे चरे हळूहळू बारीक होत जायला हवेत. दिसले वेगळेच. उंचवट्यांचे माथे आधी चकचकीत झाले, आणि ज्या क्षणी झाले त्या क्षणापासून पूर्णपणे चकचकीत होते. मधले खड्डे जसेच्या तसे होते. घोटत गेल्यावर चकचकीत बेटे पसरत गेली आणि खड्डे लहान होत होत नाहीसे झाले. त्यावरून रॅली यांनी सुचवले, की काच खरवडणे आणि घोटणे या दोन वेगळ्या क्रिया असाव्यात. खरवडताना काचेचे तुकडे निघतात. घोटताना मात्र द्रव्य जवळजवळ रेणूरेणूने झिजते.

आमच्या मिस्त्रींचे वाक्य आठवा. आजूबाजूचे सगळे खाली येते, खड्डा आपोआप संपतो. रॅली यांचे निरीक्षण नेमके हेच आहे.

बिल्बी: ओरखडा गेला नाही, झाकला गेला

दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, जॉर्ज बिल्बी या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने वेगळेच पुरावे पुढे आणले. त्यांचा व्यवसाय तेलयुक्त खडकांपासून तेल काढण्याचा होता, पण फावल्या वेळात ते घोटलेल्या धातूंचे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत. त्यांनी एक साधा प्रयोग केला. धातूचा तुकडा चरे पूर्ण जाईपर्यंत घोटला आणि मग त्यावर सौम्य आम्ल टाकले. आम्लाने वरचा पातळ थर विरघळला, आणि नाहीसे झालेले चरे पुन्हा दिसू लागले!

बिल्बींनी अर्थ लावला तो असा: घोटताना धातू नुसता झिजत नाही, तर तो वाहतो. पृष्ठभागावरचे अणू क्षणभर द्रवासारखे सरकतात, खड्ड्यांवर पांघरूण घालतात आणि तसेच गोठतात. गोठताना त्यांना स्फटिकात शिस्तीने बसायला वेळ मिळत नाही, त्यामुळे काचेसारखा अस्फटिकी थर तयार होतो. या थराला पुढे 'बिल्बी थर' असे नाव पडले. १९२१ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले.

इथे वाहनांशी संबंधित एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चोरीच्या गाडीचा चासी क्रमांक कानशीने घासून टाकलेला असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर योग्य ते रासायनिक द्रावण लावतात आणि पुष्कळदा पुसलेले आकडे पुन्हा उमटतात. क्रमांक ठोकताना आकड्याच्या खाली बऱ्याच खोलवर धातूच्या स्फटिकांवर ताण आलेला असतो. वरचे आकडे गेले तरी तो ताण उरतो, आणि ताणलेला धातू शेजारच्या धातूहून वेगळ्या गतीने विरघळतो. बिल्बी थराचा यात संबंध नाही. पण डोळ्यांना सपाट दिसणारा पृष्ठभाग आपला इतिहास पोटात ठेवून असतो, हे मात्र खरे.

बिल्बींच्या कल्पनेला १९३०च्या दशकात जोरदार पाठिंबा मिळाला. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील जॉर्ज इंगल फिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोटलेल्या धातूंवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. स्फटिकांपासून रेखीव वलये मिळायला हवीत, तिथे पसरट, अंधुक वलये मिळाली. १९३४ मध्ये त्यांनी नुकत्याच घोटलेल्या तांब्यावर जस्ताची वाफ बसवली, तेव्हा जस्ताच्या स्फटिकांची वलये थोड्याच वेळात विरून गेली. न घोटलेल्या तांब्यावर ती टिकून राहत. जणू घोटलेला थर जस्ताला द्रवासारखा गिळून टाकत होता.

हे फिंच म्हणजे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन ८,३०० मीटरच्या आसपास पोहोचलेले गिर्यारोहक. आणि आपल्याला अधिक जवळची गोष्ट म्हणजे १९५२ ते १९५७ या काळात ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

कापराची गोष्ट

थर वाहतो म्हणावे, तर त्यासाठी उष्णता कुठून येते? केंब्रिजमधील फिलिप बाउडेन हे घर्षणाचा अभ्यास करत होते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात तेव्हा ते मोजक्या टोकांवरच टेकतात आणि त्या टोकांवर तापमान क्षणभर फार वाढते, हे त्यांनी दाखवले होते. १९३७ मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी असा विचार केला, की घोटणे ही वितळण्याची क्रिया असेल, तर घोटणाऱ्या पुडीच्या कठीणपणाला महत्त्व नसून तिच्या वितळणबिंदूला महत्त्व असायला हवे.

त्यांनी निवडलेला पदार्थ आपल्या देवघरातला होता: कापूर. कापूर मऊ असतो आणि सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअसला वितळतो. सुमारे ७० अंशांना वितळणारा 'वुड्स मेटल' हा मिश्रधातू कापराने घोटला, तर चकचकीत झाला! कथिल (२३२ अंश) किंवा शिसे (३२७ अंश) यांच्यावर मात्र कापराचा काही परिणाम झाला नाही. आपल्याहून कमी तापमानाला वितळणाऱ्या पदार्थालाच पुडी घोटू शकते, असा नियम यातून निघाला.

सिद्धांत, सूक्ष्मदर्शक, इलेक्ट्रॉन आणि कापूर असे सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते. पुढची काही वर्षे पाठ्यपुस्तकांत हेच उत्तर राहिले: खरवडल्याने कापले जाते, घोटल्याने वितळून पसरते.

मेलबर्नहून आलेला आक्षेप

१९५०च्या दशकात मेलबर्नच्या संरक्षण प्रयोगशाळेत लेनर्ड सॅम्युअल्स हे धातुतज्ज्ञ धातूंचे नमुने तपासण्यासाठी घोटत असत. त्यांना एक गोष्ट खटकली. नव्या, अधिक संवेदनशील सूक्ष्मदर्शकाखाली 'निर्दोष' घोटलेल्या धातूवरही अतिशय बारीक चरे दिसत होते. प्रत्येक कण एक छोटी पटाशी असल्यासारखा धातूचा सूक्ष्म कीस काढत होता. वितळलेल्या थराची त्यांना कुठेच खूण सापडेना. पृष्ठभागाखाली होते ते दाबाने विस्कटलेले, पण स्फटिकीच द्रव्य. आम्ल टाकल्यावर चरे पुन्हा दिसत, कारण चऱ्याखालचे विस्कटलेले धातुद्रव्य वेगळ्या गतीने विरघळते. चासी क्रमांकाच्या बाबतीत होते तेच!

म्हणजे बिल्बींचे निरीक्षण अचूक होते, त्याचा लावलेला अर्थ चुकला होता. विद्यार्थ्यांशी बोलताना हा फरक आवर्जून सांगावा असा आहे. चरे परत दिसले, हे सत्य कोणी नाकारू शकत नाही. पण 'ते झाकले गेले होते' हा निष्कर्ष होता, आणि त्याच निरीक्षणाचे दुसरे स्पष्टीकरणही शक्य होते. तब्बल पन्नास वर्षे ते कोणी नीट तपासले नाही.

सॅम्युअल्स यांच्यानंतर बहुतेक धातूंच्या बाबतीत न्यूटन यांचे जुने उत्तर पुन्हा मान्य झाले. पण सर्वच पदार्थांच्या बाबतीत नव्हे. काच सेरिअम ऑक्साइडने घोटताना पाणी आणि पूड काचेशी रासायनिक क्रिया करतात, म्हणून 'रेणूरेणूने झिजते' ही रॅली यांची शंका तिथे लागू पडते. आणि हिऱ्याच्या बाबतीत तर बिल्बीच परत आले. २०१०-११ मध्ये जर्मन संशोधकांनी संगणकीय गणिताने दाखवले, की हिरा हिऱ्याच्या पुडीने घोटताना वरच्या अणूंची रचना मोडून अस्फटिकी थर बनतो आणि तोच खरवडून निघतो. प्रश्न एकच असला तरी प्रत्येक पदार्थ त्याचे वेगळे उत्तर देतो.

मोटारीचा रंग काय उत्तर देतो?

आता आपल्या बॉनेटकडे वळू. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणेच ब्रशने तेलरंग आणि वॉर्निशचे अनेक हात देत. प्रत्येक हात वाळवून घासावा लागे आणि गाडी तयार व्हायला काही आठवडे लागत. फोर्ड यांच्या 'मॉडेल टी'ला १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळा रंग मिळे. १९२३ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीचे 'ड्यूको' हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आले. ते फवारता येई, झटपट वाळे आणि अनेक रंगांत मिळे. आपल्याकडे फर्निचरच्या कामात आजही 'ड्यूको' हा शब्द ऐकू येतो. लॅकर हा शब्दही आपल्या 'लाखे'च्याच कुळातला आहे.

पण ड्यूको वाळल्यावर मंद दिसे. चकाकी हवी तर घोटावेच लागे. म्हणजे घोटणे हे दुरुस्तीचे काम नसून कारखान्यातल्या रंगकामाचाच भाग होता. या कामाला मदत झाली ती १९२१ मध्ये अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने आणलेल्या पाण्यात न विरघळणाऱ्या पॉलिश पेपरची. त्याआधी कोरडे घासताना शिसेयुक्त रंगाची धूळ कामगारांच्या पोटात जात असे. पाण्यामुळे ती बसू लागली. मिस्त्रींच्या हातातला वॉटर पेपर त्याचाच वंशज. त्यावरचे काळे कण सिलिकॉन कार्बाइडचे असतात. हा पदार्थ एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९१ मध्ये तयार केला.

पुढे अ‍ॅक्रिलिक लॅकर आले आणि अमेरिकन कारखान्यांत एक गमतीदार पद्धत रूढ झाली: भाजा, घासा, पुन्हा भाजा. थोडे भाजून रंग घट्ट करायचा, दोष घासून काढायचे, मग जास्त तापमानाला भाजायचे. त्या उष्णतेत लॅकर वाहून घासल्याचे सगळे चरे स्वतःच बुजत. धातूंच्या बाबतीत खोटी ठरलेली बिल्बींची कल्पना मोटारीच्या रंगात भट्टी लावून खरी करून दाखवली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

१९८०च्या दशकापासून सर्रास वापरली जाणारी पद्धत निराळी आहे. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर सुमारे ४० मायक्रोमीटर जाडीचा पारदर्शक थर. त्याला गॅरेजमध्ये 'क्लिअर कोट' म्हणतात. यातले रेणू एकमेकांना आडव्या बंधांनी जोडलेले असतात, त्यामुळे तो जुन्या लॅकरसारखा वितळत नाही. रोजच्या पुसण्याने पडणारे चरे याच थरात असतात. वॉटर पेपर आणि कंपाऊंडने आपण हा थर काही मायक्रोमीटरने कमी करतो. न्यूटन आणि आमचे मिस्त्री इथे बरोबर ठरतात.

म्हणूनच या कामाची किंमत लक्षात घ्यायला हवी. घोटून काही 'मिळवले' जात नाही, फक्त थर खर्च होतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्येही याच थरात असतात. दरवर्षी हौसेने बफ फिरवला, तर काही वर्षांत थर इतका पातळ होतो की उन्हाने तो पापुद्र्यासारखा सुटतो. ओरखड्यावर नख हलकेच फिरवून पाहावे. नख अडकत असेल तर चरा खोल आहे, आणि त्याच्याएवढे खाली उतरण्याइतका थर शिल्लक नसतो. तिथे रंगच भरावा लागतो. खाली पत्रा दिसत असेल तर वेळ घालवू नये, कोकणासारख्या दमट हवेत गंज लवकर धरतो.

स्वतःच भरून येणारा ओरखडा

रंगाच्या थरातले चरे दोन प्रकारचे असतात. एकात थर तुटून कीस निघतो. दुसऱ्यात थर फक्त दबतो आणि बाजूला वरंबा उठतो. तिथे द्रव्य कमी झालेले नसते, नुसते सरकलेले असते. मग ते परत जागेवर आणता येईल का?

२००५ मध्ये निसान आणि निप्पॉन पेंट यांनी असा लवचीक पारदर्शक थर आणला. बारीक ओरखडे तापमानानुसार एक दिवस ते आठवड्याभरात भरून येतात, असे कंपनीने सांगितले. २००९ मध्ये अमेरिकेतील घोष आणि अर्बन यांनी खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा कायटोसन वापरून असे पॉलियुरेथेन बनवले, की चऱ्यापाशी तुटलेले बंध अतिनील किरणांनी पुन्हा जुळतात. तुटून गेलेला तुकडा मात्र यांपैकी कोणीच परत आणू शकत नाही. जे आहे ते सरकवता येते, नाही ते नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. स्टीलचे जुने ताट आणि एकच दिवा घ्या. प्रतिबिंबाभोवतीची वर्तुळे दाखवा. दिवा हलवला की ती का हलतात, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.

२. खरखरीत झालेल्या पारदर्शक प्लॅस्टिक पट्टीवर तेलाचा थेंब पसरा आणि तिच्यातून अक्षरे वाचा. मग साबणाने धुऊन पुन्हा वाचा. ओरखडे 'गेले' होते का, याची चर्चा करा.

३. तीच पट्टी टूथपेस्टने मऊ कापडावर दहा मिनिटे घासा, धुवा आणि भिंगातून पाहा. आता काय फरक आहे?

४. पॉलिश न केलेली फरशी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा आणि तिच्यावरून खिडकीकडे पाहा. वरून मंद दिसणारी फरशी तिरक्या नजरेला चकचकीत का दिसते, याचा विचार करायला सांगा.

माझ्या मुलीने हे प्रयोग केल्यावर मला सांगितले, की गाडी विकणाऱ्याने दुसरा प्रयोग केला होता आणि मिस्त्रीकाकांनी तिसरा. इतके नेमके उत्तर मलाही सुचले नव्हते. आता आमच्या घरी गाडी कोरड्या फडक्याने कोणी पुसत नाही. आधी भरपूर पाणी ओतून धूळ काढायची, मगच कापड लावायचे. जो चरा पडलाच नाही, त्याच्यासाठी थर खर्चावा लागत नाही.